खुर्ची मिळाली, आता शरीर हलवूया

आपल्या आजी-आजोबांना व्यायाम करा, असे कुणी सांगितले नाही. डोक्यावर हंडा किंवा लाकडाचा भारा घेऊन जांभ्याची पाखाडी चढण्यातच दिवस जायचा. ते कष्ट लादलेले होते. त्यांचे गोडवे नकोत. शिक्षणाने आपल्याला शाळेत, बँकेत, कचेरीत खुर्ची मिळाली. ती हक्काची आहे. पण तिच्यामागून साखर आणि रक्तदाबही घरात शिरले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. त्यात स्त्रिया अधिक आहेत.

जिममध्ये हल्ली ‘हाय-इंटेन्सिटी फंक्शनल ट्रेनिंग’ची चलती आहे. नाव मोठे, अर्थ सोपा. उठणे-बसणे, उचलणे, ढकलणे, पायऱ्या चढणे या रोजच्याच हालचाली थोड्या वेळात, दम लागेल इतक्या जोराने करायच्या. बैठे काम करणाऱ्यांनी काही आठवडे हे नियमित केले की दमसास वाढतो, स्नायूंत ताकद येते. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून मधुमेहींनाही उपयोग होतो. वजनाचा काटा मात्र लगेच हलत नाही. निराश होऊ नका.

पावसाळ्यात रत्नागिरीत चालायला जाणे बंदच होते. तेव्हा घरी किंवा विहाराच्या सभागृहात हे करा:

• हात न टेकता खुर्चीवरून १० वेळा उठणे-बसणे
• भिंतीला हात टेकून १० दंड
• एका पायरीवर १ मिनिट चढ-उतार
• दोन्ही हातांत भरलेल्या बाटल्या घेऊन १ मिनिट चालणे

मग २ मिनिटे विश्रांती आणि पुन्हा एक फेरी. आठवड्यातून ३ दिवस, एक दिवस आड. पहिले तीन आठवडे बोलता येईल इतकाच दम लागू द्या. जोर त्यानंतर, हळूहळू वाढवा.

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. छातीत दाब आला, चक्कर आली तर थांबा आणि दवाखाना गाठा. एकदम अति व्यायाम करून लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंड धोक्यात आलेले असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

‘घरकाम होतेच की,’ असे भगिनी म्हणतात. घरकामाने थकवा येतो, पण दमसास वाढेलच असे नाही. स्वतःसाठी २० मिनिटे काढा. तेवढ्या वेळात चहा बंधूंनी ठेवावा.