सोमवारची पाळी कोणाची?

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला कॅलेंडर टांगलेले असते. कालनिर्णय १९७३ साली निघाले. आमच्या घरात ते केव्हा आले हे कोणालाच आठवत नाही. दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख, बचत गटाचा हप्ता, आतेबहिणीचा साखरपुडा, सारे त्याच्या चौकोनांत. आईचे शिक्षण चौथीपर्यंत झाले, पण तिच्या खुणा घरात सर्वांना वाचता येतात. फुली म्हणजे दूध आले नाही, गोल म्हणजे कुठेतरी जायचे आहे. तेव्हा चारजणांत मिळून एक कॅलेंडर ही काही आम्हाला नवी गोष्ट नव्हे. अडचण एवढीच, की ते पाहायला घरात असावे लागते.

आणि घरात आता सगळे नसतात. दादा चाकणला कारखान्यात. त्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. ताई सासरी. आई शाळेत पोषण आहार शिजवते, तिला खाडा परवडत नाही. आप्पांचे डायलिसिस २०२५ च्या उन्हाळ्यात सुरू झाले. सोमवारी आणि गुरुवारी, यंत्रावर चार तास, जाऊन-येऊन सारा दिवस. बरोबर कोणीतरी हवेच. जुलैमधल्या एका गुरुवारी दादाला वाटले मी जाणार, मला वाटले दादा रजा घेऊन येणार. आप्पा एकटेच गेले. परतताना एस.टी. स्टँडवर चक्कर येऊन खाली बसले. कोणा कंडक्टरने त्यांच्या फोनवरून घरी कळवले. त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या संगणक कक्षात बसून मी गुगल कॅलेंडर उघडले. ही सोय २००६ पासून आहे आणि फोनमध्ये ती आयती होती. उघडावी असे कोणाला सुचले नव्हते, इतकेच.

आता हे चालते कसे ते सांगते. कॅलेंडर फोनमध्ये असते असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. ते आपल्या खात्याबरोबर कंपनीच्या संगणकावर असते आणि फोन त्याची प्रत दाखवतो. म्हणून दादाने चाकणला केलेला बदल मला इथे दिसतो. (म्हणूनच आजाराचे तपशील मी त्यात लिहीत नाही. 'आप्पा, सोमवार' एवढे पुरते.) एका खात्यात अनेक कॅलेंडरे करता येतात. मी 'घर' नावाचे वेगळे केले आणि दादा-ताईचे ई-मेल पत्ते त्यात घातले. पत्ता घालताना अधिकार ठरवावा लागतो, त्याच्या चार पायऱ्या आहेत. समोरच्याला फक्त आपण मोकळे की व्यग्र एवढेच दिसावे. किंवा सर्व तपशील दिसावा. किंवा त्याला बदलही करता यावेत. किंवा आणखी कोणाला आत घ्यायचे हेही त्याने ठरवावे. याखेरीज कॅलेंडर साऱ्या जगाला खुले करण्याची एक खूण असते. घरच्या बाबतीत तिला हात लावू नये. मी दादाला आणि ताईला तिसरी पायरी दिली.

आमंत्रण ई-मेलने जाते व ते स्वीकारावे लागते. दादाने ई-मेल आठ दिवस उघडलाच नाही. शेवटी मी फोन करून त्याला एकेक पाऊल सांगत स्वीकारायला लावला.

गंमत पुढेच आहे. 'दर सोमवारी' असे घातले की कॅलेंडरात बावन्न नोंदी होत नाहीत. एकच नोंद होते आणि तिच्याजवळ एक नियम लिहिला जातो: आठवड्यातून एकदा, सोमवारी. चौकोनांत जे सोमवार दिसतात ते या नियमातून काढून दाखवलेले असतात. हे लिहिण्याची सर्वांना मान्य अशी पद्धत १९९८ मध्ये ठरली आणि २००९ मध्ये सुधारली गेली. तिचे नाव आयकॅलेंडर. तिच्यामुळेच एका कंपनीच्या कॅलेंडरातली नोंद दुसऱ्या कंपनीचे कॅलेंडर वाचू शकते. अपवाद असेल तर तो त्या नियमाला वेगळा जोडला जातो. म्हणून नोंद बदलताना फोन विचारतो, फक्त ही, ही व यापुढच्या, की सर्व?

२६ जानेवारी २०२६ ला सोमवार होता. केंद्र बंद, आप्पांची पाळी मंगळवारवर गेली. दादाने रात्रपाळी संपवून, झोपेत म्हणा ना, बदल केला आणि 'सर्व' वर बोट ठेवले. नियमच मंगळवारचा झाला. पुढच्या सोमवारी, २ फेब्रुवारीला, माझी पाळी होती, आणि माझा फोन गप्प. मी कॉलेजची पिशवी भरत होते. आईने भिंतीकडे बोट केले. "अगं, आज सोमवार ना? आप्पांचं आवरून झालंय, तू अजून इथंच?" भिंतीवर गोल होता. सातची गाडी आम्हाला कशीबशी मिळाली.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी मी फोन वाचून दाखवते आणि आई गोल काढते. जुळले नाही तर त्याच वेळी कळते. दादा याला हसतो, हसू दे.

तिथीपुढे मात्र फोन अडतो. आजोबांचे श्राद्ध मी 'दरवर्षी' म्हणून घातले होते. म्हणजे दरवर्षी इंग्रजी तारीख तीच. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला येते, आणि तिच्यामागून येणारा पितृपक्षही तसाच पुढे सरकतो. ती नोंद आता मी दरवर्षी पंचांग पाहून हाताने घालणार आहे.

आणखी एक गोष्ट, थोडी अवघड. आमच्या वाङ्मय मंडळाच्या तालमींसाठी आम्ही सात जणांनी असेच एक कॅलेंडर केले. चुकून मी एक तालीम 'घर' मध्ये टाकली. तासाभरात दादाचा फोन आला, "बुधवारी सहा ते आठ कसली तालीम? कोणाबरोबर?" नाटकाचे मी घरी सांगितले नव्हते. आता माझे स्वतःचे कॅलेंडर वेगळे आहे आणि घरच्यांना मी त्याची पहिलीच पायरी दिली आहे: ठरावीक वेळी मी व्यग्र आहे, एवढेच त्यांना दिसते. चारही पायऱ्यांत मला ती सर्वांत सभ्य वाटते. आप्पांच्या दिवशी मी मोकळी आहे की नाही हे घराला कळलेच पाहिजे. बाकीचे मी सांगेन तेव्हा. दादाला हे अजून पटलेले नाही. आईला मात्र मी तोंडी सांगितले. ती म्हणाली, "नाटक कधी आहे ते तेवढं भिंतीवर लिही."

लिहायला गेले तर त्याच आठवड्यात एक गोल दिसला, जो फोनमध्ये नव्हता. विचारले तेव्हा आई म्हणाली, डोळे तपासायला जायचे आहे, एकटी जाईन मी. ती नोंद आता 'घर' मध्ये आहे, सकाळी दहाची. पाळी दादाची.