आधी नांगरट, मग पेरणी : व्यायामशाळेत नव्याने जाणाऱ्यांसाठी

मळणी आटोपून भात कणगीत पडले, की बेळगाव-खानापूर बाजूच्या तरुणांना थोडी उसंत मिळते. हल्ली या दिवसांत पुष्कळांची पावले शहरातल्या जिमकडे वळतात. मुलगेच नव्हेत, नोकरी करणाऱ्या मुली आणि चाळिशी ओलांडलेल्या गृहिणीही जातात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिथे गेल्यावर पहिला प्रश्न पडतो तो असा : झुंबाच्या वर्गात नाव घालावे, सायकलीच्या वर्गात, की वजने उचलून धावपळ करण्याच्या सर्किटमध्ये?

आमचे उत्तर सरळ आहे. पहिले सहा ते आठ आठवडे वजने आणि उड्या असलेल्या कुठल्याच वर्गात जाऊ नये. आधी पाच मूळ हालचाली शिकाव्या आणि अंगात थोडे बळ आणावे. मग खुशाल वर्गात जावे. न नांगरलेल्या जमिनीत कुणी बी टाकत नाही. टाकलेच तर ते पाखरांच्या पोटात जाते. शरीराचेही तसेच आहे.

वर्गात अडचण कुठे येते?

सामुदायिक वर्ग वाईट नाही. सोबत मिळते, हुरूप येतो, नेम टिकतो. पण वर्गाची रचना कशी असते ते पाहा. शिकवणारा एक, शिकणारे वीस-पंचवीस. वेग ठरवते संगीत. सगळ्यांनी एकाच वेळी तीच हालचाल करायची. जुन्या मंडळींना ती पाठ असते. नवा माणूस मागच्या रांगेत उभा राहतो, पुढच्याकडे पाहून नक्कल करतो आणि मागे पडू नये म्हणून घाई करतो. दहा मिनिटांत दमतो. दमलेल्या अंगाची ढब आधी बिघडते : पाठ गोल होते, गुडघे आत वळतात, खांदे कानाशी जातात. शिक्षकाला ते दिसेपर्यंत आणखी तीस वेळा तीच चूक होऊन गेलेली असते.

समजा, बावीस वर्षांचा एक तरुण पहिल्याच आठवड्यात असा वर्ग गाठतो आणि त्याची कंबर धरते. पुढे तीन आठवडे तो खाटेवर पडला, तर गोठ्यातले काम कोण करणार? रोजगार कोण भरून देणार? शिवाय "व्यायाम आपल्याला सोसत नाही" असा समज त्याच्या मनात कायमचा बसतो. ही हानी कमरेच्या दुखण्याहून मोठी आहे.

आणखी एक कारण आहे. नव्या माणसाची ताकद पहिल्या तीन-चार आठवड्यांत वाढते ती मुख्यतः स्नायू जाड झाल्याने नव्हे, तर मज्जातंतू स्नायूंना नीट हुकूम द्यायला शिकतात म्हणून. मोरितानी आणि डीव्हरीस या संशोधकांनी 1979 मध्ये हे दाखवून दिले. म्हणजे पहिला महिना हा शिकण्याचा महिना आहे. शिकणे ताज्या अंगाने, सावकाश आणि थोड्या आवर्तनांतच होते. धापा टाकत शिकलेली हालचाल चुकीचीच पक्की होते. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा तर स्नायूंपेक्षाही धीम्या गतीने बळकट होतात. त्यांना अवधी द्यावाच लागतो.

तालमीची जुनी रीत

हे आपल्याला नवे नाही. तालमीत नवा पोर आला, की वस्ताद त्याला लगेच कुस्तीला उतरवत नाही. आधी हातात फावडे देऊन हौद्यातली माती उकरायला लावतो, मग जोर आणि बैठका. अंग तयार झाले असे त्याच्या नजरेला पटल्यावरच डावपेच शिकवतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनीही ही विद्या जपली. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' हा अनेक खंडांचा मराठी ग्रंथ सिद्ध केला, त्याची सुरुवात 1930 च्या दशकात झाली.

रीत तालमीची घ्यावी, आकडा मात्र घेऊ नये. पहिलवानाच्या शेकडो बैठका पाहून चाळिशीच्या कारकुनाने पहिल्याच दिवशी शंभर मारू नयेत.

आधी कोणी डॉक्टरांना विचारावे?

रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी, चढ चढताना छातीत दुखणाऱ्यांनी, हर्निया असलेल्यांनी, नुकती शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण झालेल्यांनी आणि गुडघे-मणक्याचे जुने दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बहुधा डॉक्टर व्यायाम करू नका असे म्हणणार नाहीत, कसा करावा ते सांगतील.

पाच मूळ हालचाली

1. बसणे-उठणे. मागे खुर्ची किंवा बाक ठेवा. पाय खांद्याइतके फाकवा. कुल्ले मागे नेत बाकाला टेकेपर्यंत बसा आणि उठा. टाचा जमिनीवर राहाव्यात, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने जावेत. जमू लागले, की छातीशी एक डंबेल धरा. बार्बेल खांद्यावर घेण्याची घाई नको.

2. कमरेच्या सांध्यातून वाकणे. आपल्याकडच्या कमरा बिघडतात त्या इथेच. रोप लावताना आपण पाठ गोल करून तासन्‌तास वाकतो आणि पोतेही तसेच उचलतो. युरियाचे पोते आता 45 किलोचे असले, तरी गोल पाठीला तेही जड आहे. भिंतीकडे पाठ करून एक वीत पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल ठेवून कुल्ले भिंतीला टेकवा, पाठ फळीसारखी सरळ ठेवा. हे साधले, की हातात हलके वजन घ्या.

3. ढकलणे. म्हणजे आपला जोरच. पण प्रथम भिंतीवर हात टेकून करा, नंतर टेबलाच्या उंचीच्या आधारावर, मग जमिनीवर. मान, पाठ, कुल्ले एका ओळीत असावेत.

4. ओढणे. जिममधली पुली किंवा रबरी पट्टा छातीकडे ओढा आणि खांद्याची पाती मागे आणा. दिवसभर शिवणयंत्रावर, मोटारसायकलीवर किंवा मोबाइलवर पुढे झुकून बसणाऱ्यांना याची फार गरज आहे.

5. वजन घेऊन चालणे. दोन्ही हातांत सारखी वजने घेऊन ताठ मानेने वीस-तीस पावले चालायचे. विहिरीवरून दोन घागरी आणणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही. पकड, पोट, पाठ आणि पाय सगळे यात येते.

आठ आठवड्यांचा क्रम

आठवड्यातून दोन दिवस, जमल्यास तीन, आणि मध्ये निदान एक दिवस विश्रांती. प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटे भरभर चालून अंग ऊन करा.

पहिला व दुसरा आठवडा : वजनाशिवाय किंवा अगदी हलक्या वजनाने, प्रत्येक हालचालीची आठ ते दहा आवर्तने, दोन फेऱ्या. चालण्याचा व्यायाम मात्र पावले मोजून करा. ट्रेनरने ढब पाहावी, आकडा पाहू नये.

तिसरा व चौथा आठवडा : थोडे वजन, दहा ते बारा आवर्तने, दोन फेऱ्या. आणखी दोन-तीन सहज होतील असे वाटत असतानाच थांबा.

पाचवा ते आठवा आठवडा : तीन फेऱ्या. सलग दोन दिवस बाराही आवर्तने स्वच्छ झाली, तरच त्या हालचालीचे वजन एका लहान पायरीने वाढवा. मग आवर्तने पुन्हा आठवर आली तरी चालेल.

बळ वाढले तसा भार वाढवावा, या तत्त्वाला वैद्यकात शास्त्रशुद्ध रूप दिले ते थॉमस डेलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर त्यांनी उपचार केले आणि 1945 मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. पुढे त्यांनी सुचवलेला क्रम आजही सोयीचा आहे : दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन पूर्ण धरायचे. पहिली फेरी त्याच्या निम्म्याने, दुसरी पाऊण वजनाने, तिसरी पूर्ण वजनाने. म्हणजे 10 किलो उचलणाऱ्याने 5, मग साडेसात, मग 10. नव्या माणसाने शेवटची फेरीही थोडी राखूनच करावी.

श्वास कोंडू नका. जोर लावताना सोडा, खाली येताना घ्या. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

दुखणे कोणते चालेल?

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या-दंड ठणकतात. ते दोन-तीन दिवसांत जाते, घाबरू नये. पण सांध्यात टोचणे, कमरेतून पायात कळ उतरणे, मुंग्या येणे, छातीत दाब किंवा चक्कर येणे, यांपैकी काही झाले तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

एक खूण तर प्रत्येक घरात ठाऊक असावी. अतिरेकी व्यायामानंतर अंग सुजले, असह्य दुखू लागले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. स्नायू फुटून त्यांतला अंश रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. न सरावलेल्या माणसाने पहिल्याच जोरकस वर्गात अंगाबाहेर कष्ट घेतल्याने असे घडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

खाण्याचे काय?

डबाबंद पावडरीवाचून बळ येत नाही, ही समजूत सोडून द्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. 60 किलोच्या माणसाला ती सुमारे 50 ग्रॅम होतात. वजने उचलणाऱ्याला त्याहून थोडी जास्त लागतील. डाळ, उसळ, अंडी, मासे, दूध, दही, शेंगदाणे यांतून ती मिळतात. फक्त भात आणि पातळ आमटी यांवर मात्र भागत नाही, ताटात उसळ किंवा अंडे वाढवा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्रथिने वाढवावीत. आणि "लवकर अंग भरेल" म्हणून कुणी इंजेक्शन किंवा बिनलेबलाची पुडी देऊ केली, तर त्या जिमची पायरी पुन्हा चढू नका.

स्त्रिया आणि वडीलधारी

वजने उचलल्याने बाईचे शरीर पुरुषी होते, ही भीती निराधार आहे. उलट पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा बळ देणारा व्यायाम त्यांना आधार देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शनात सर्व प्रौढांना आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. चालण्यासारखा व्यायाम वेगळा.

वयाची सबबही चालणार नाही. बोस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 86 ते 96 वर्षांच्या दुर्बल वृद्धांना आठ आठवडे देखरेखीखाली पायांचा वजनी व्यायाम दिला. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, तो पुरा करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. आपली आजी हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठू लागली, तर तिच्यासाठी तोच जिम.

वर्गात केव्हा जावे?

पुढच्या प्रश्नांना मनापासून "होय" म्हणता आले, की जावे.

पंधरा बैठका टाचा न उचलता होतात का? पाठ सरळ ठेवून वाकता येते का? मध्यम उंचीच्या आधारावर दहा जोर निघतात का? दोन हातांत मिळून आपल्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढा भार घेऊन तीस पावले चालता येते का? आणि सर्वांत मोठा प्रश्न : ढब बिघडली हे शिक्षकाने न सांगता आपले आपल्याला कळते का?

वर्गात पहिल्या दिवशी पाच मिनिटे आधी जा. आपण नवे आहोत, गुडघा दुखतो की खांदा, हे शिक्षकाला सांगा. शक्यतो पुढे उभे राहा, म्हणजे त्याला तुम्ही दिसाल. नेहमीच्या निम्मे वजन घ्या. ढब सुटली, की थांबा, पाणी प्या आणि पुन्हा सुरू करा. मध्येच थांबण्यात कमीपणा नाही.

जिम चालवणाऱ्यांनाही एक विनंती. नव्या सभासदांसाठी सहा-आठ जणांची वेगळी तुकडी काढा, निदान दोन महिने. वर्षाची फी भरून तिसऱ्या आठवड्यात गायब होणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा, दहा वर्षे टिकणारे गिऱ्हाईक तुमच्याही फायद्याचे आहे.

ज्यांना जिम परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये. घरातले स्टूल, भिंत, मजबूत टेबल, पाण्याच्या दोन कळशा आणि रबरी पट्टा एवढ्यावर हे आठही आठवडे पुरे होतात. येत्या सोमवारी सुरुवात करा, वहीत तारीख टाका आणि दर वेळी किती आवर्तने झाली ते लिहून ठेवा. आठ आठवड्यांनी तीच वही उघडून पाहा, आपण कुठून कुठे आलो ते दिसेल.