जुन्या व्हॅनचे ॲव्हरेज: आधी मोजा, मग खर्च करा

2008 साली विमानतळ सुरू झाला आणि टिपू सुलतानाचे जन्मगाव असलेले देवनहळ्ळी बंगळुरूच्या दारात आले. तरी शहराचा मध्यभाग इथून जवळपास 40 किलोमीटरवरच राहिला. शाळा, दवाखाना, नोकरी, लग्नकार्य, कशासाठीही बळ्ळारी रस्ता धरून हेब्बाळ गाठावे लागते. कोल्हापूर-सांगलीकडून इथे स्थायिक झालेल्या कुटुंबांना सुट्टीत दोड्डबळ्ळापूर, दाबसपेटमार्गे महामार्गाला लागून 600 किलोमीटरवरचे गावही गाठायचे असते. एवढी माणसे आणि एवढे सामान घेऊन जायला अनेक घरांत अजून जुनी ओम्नी, ईको किंवा टोयोटा किर्लोस्करच्या बिडदी कारखान्यातून आलेली क्वालिस किंवा इनोव्हा असते. गाडी चालते, पण पेट्रोल पिते, अशी तक्रार ऐकू येते. तिच्यावर दोनच उपाय सुचवले जातात: गाडी विकून टाका, नाहीतर इंजिन खोला. दोन्ही महाग आहेत आणि बहुतेक वेळा दोन्हींची घाई होते. जुन्या गाडीचे ॲव्हरेज एका मोठ्या बिघाडाने पडण्यापेक्षा चार-पाच लहान अडथळ्यांनी पडण्याची शक्यता जास्त असते, आणि त्यातले बरेचसे फुकटात किंवा किरकोळ खर्चात दूर होतात.

आधी रकमेचा अंदाज घेऊ. महिन्याला 1,000 किलोमीटर धावणारी व्हॅन लिटरला 12 किलोमीटर देत असेल, तर तिला 83 लिटर पेट्रोल लागते. तेच ॲव्हरेज 14 वर गेले, तर 71 लिटर पुरते. महिन्याला 12 लिटर वाचले. शंभर रुपयांचा दर धरला तरी वर्षाला 14,000 रुपये होतात. फक्त 12 आणि 14 हे आकडे अंदाजाचे नसावेत. टाकी पंपाच्या ऑटो-कटपर्यंत भरावी आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. 300 किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरून धावलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागावे. असे तीनदा केले की सरासरी हाती येते. पाचशे-पाचशेचे पेट्रोल टाकत राहिले तर कोणता उपाय लागू पडला आणि कोणता वाया गेला, हे कधीच कळत नाही.

पहिला खर्च पंक्चरवाल्याकडचा, तोही नगण्य. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवेचा दाब छापलेला असतो, आणि भरल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा बहुधा वेगळा असतो. तो दाब टायर गार असताना तपासायचा. पेट्रोलियम संवर्धनाचे काम करणारी ‘पीसीआरए’ ही सरकारी संस्था सांगते, की दाब पाव हिश्शाने घटला तर पेट्रोल 5 ते 10 टक्के जास्त लागते आणि टायरचे आयुष्यही घटते. दुसरा लपलेला चोर म्हणजे अडकणारा ब्रेक. थोडे अंतर फारसा ब्रेक न लावता चालवून गाडी थांबवावी आणि चारही चाकांजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. एकच चाक इतरांपेक्षा तापलेले जाणवले, तर तिथला ब्रेक पूर्ण सुटत नाही असे समजावे. मेकॅनिककडे ते चाक जॅकवर उचलून हाताने फिरवले की खात्री होते. हँडब्रेकची ताठर केबल किंवा ड्रममध्ये साचलेली धूळ हे त्याचे नेहमीचे कारण, आणि साफसफाईचा खर्च इंजिनकामाच्या तुलनेत काहीच नाही.

त्यानंतर इंजिनाकडे वळावे, तेही खोलण्यासाठी नव्हे. गाडी तापते म्हणून आपल्याकडे अनेक गॅरेजांत थर्मोस्टॅट वॉल्व काढूनच टाकतात. मग इंजिनाला योग्य तापमान गाठायला वेळ लागतो, आणि गार इंजिनाला जास्त पेट्रोल दिले जाते. समुद्रसपाटीपासून 900 मीटरवरच्या देवनहळ्ळीतल्या थंडीच्या सकाळी हा तोटा आणखी वाढतो. गाडी तापण्याचे खरे कारण शोधून वॉल्व परत बसवणे स्वस्त पडते. एअर फिल्टरबद्दल मात्र गैरसमज आहे. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या चाचण्यांत असे दिसले, की इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर तुंबल्याने पिकअप घटतो, ॲव्हरेज जवळजवळ घटत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत मात्र घटते. उलट बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर इंजेक्शनच्या गाडीला भरमसाट पेट्रोल प्यायला लावतो, म्हणून डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे दुर्लक्ष करू नये. पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबके आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर मात्र एक रुपयाही घालवू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली आणि लक्षणीय फायदा देणारे एकही सापडले नाही.

सर्वांत मोठी बचत मात्र चालकाच्या पायाखाली असते. व्हॅनचे तोंड उंच आणि सपाट असते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे 80 ऐवजी 100 ने गेल्यास तो दीडपटीहून जास्त होतो. विमानतळाच्या रस्त्यावर 25 किलोमीटर मोकळे मिळाले, तरी 100 ने वाचतात ती चार मिनिटेसुद्धा नाहीत, आणि हेब्बाळच्या कोंडीत तीही जातात. गावाला जाताना टपावर बांधलेल्या सामानाचाही हिशोब असाच आहे. महामार्गाच्या वेगात त्याने दहा टक्क्यांहून अधिक इंधन जाऊ शकते, तेव्हा सामान आत मावत असेल तर आतच ठेवावे आणि परतल्यावर रिकामा कॅरिअर उतरवावा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवयही मोडायला हवी. इंजेक्शनच्या इंजिनात गिअर तसाच ठेवून पाय काढला की पेट्रोल जवळपास बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवण्यापुरते ते लागतच राहते, शिवाय गाडीवरचा ताबाही कमी होतो.

यावर कोणी म्हणेल, की दोष पेट्रोलचाच आहे. त्यात तथ्य आहे. 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी 2023 मध्ये बंगळुरूतच सुरू झाले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, आणि 10 टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचे ॲव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे. म्हणूनच वहीतले आकडे लागतात. घट तेवढीच असेल तर गॅरेजात पैसे घालून ती भरून येणार नाही. त्याहून जास्त असेल तर गाडीत शोधण्यासारखे काहीतरी आहे.

नवी गाडीच का घेऊ नये, हा आक्षेपही रास्त आहे. लिटरला 20 किलोमीटर देणारी गाडी महिन्याला 33 लिटर वाचवेल, म्हणजे साधारण 3,300 रुपये. पण 8 लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता जवळपास 13,000 रुपये पडतो. निव्वळ पेट्रोलच्या बचतीवर तो फिटत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पत्रा गंजलेला असेल, ब्रेक भरवशाचे नसतील, पंधरा वर्षांनंतरच्या फिटनेस तपासणीत गाडी टिकणार नसेल, तर ॲव्हरेजचा विचार बाजूला ठेवून ती सोडून द्यावी. गाडी धडधाकट असेल तर या महिन्यात एवढेच करा: टाकी फुल्ल करा, आकडा लिहा, चारही टायरची हवा तपासा आणि वेग 80 च्या आत ठेवा. गॅरेजची पायरी त्यानंतर चढा, आणि चढताना ती वही सोबत न्या.