आधी कोरडा मका, मग हिरवा चहा



गेल्या महिन्यात मुंबईच्या एका भगिनीने मला विचारले, "हिरवा चहा शरीराला विषापासून वाचवतो असे वाचले. सातपुड्यातल्या आपल्या कुटुंबांसाठी त्याची पाकिटे पाठवू का?" प्रश्न मायेचा आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

धडगाव-अक्कलकुव्याकडे मक्याची भाकर नेहमीची. काढणीच्या वेळी पाऊस आला आणि ओला मका तसाच घरात भरला, की त्याला बुरशी लागते. काही बुरशा 'अफ्लाटॉक्सिन' नावाचे विष तयार करतात. भाकर भाजली तरी ते पुरते जात नाही. १९७४ साली गुजरात-राजस्थान सीमेवरच्या पंचमहाल आणि बांसवाडा भागात, भिल्लांच्याच वस्त्यांत, अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन ३९७ जणांना कावीळ झाली. त्यांतले १०६ दगावले.

हेच विष थोडे थोडे पोटात गेले, तर वरून काही दिसत नाही. पण यकृतात त्याचे रूप बदलते आणि ते पेशीतल्या डीएनएला, म्हणजे आपल्या जनुकांनाच, चिकटते. तिथे चूक राहून गेली, तर वर्षांनंतर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हेपटायटिस-बी असलेल्या माणसाला हा धोका कितीतरी पटीने जास्त.

आता चहा. त्यातली 'कॅटेचिन' ही द्रव्ये विष निरुपद्रवी करून लघवीवाटे बाहेर टाकण्यास यकृताला मदत करतात. चीनच्या ग्वांग्शी प्रांतात १२४ जणांवर तीन महिने प्रयोग झाला. ज्यांना चहाच्या अर्काच्या गोळ्या दिल्या, त्यांच्या रक्तातल्या विषाच्या खुणा कमी झाल्या. म्हणजे गोष्ट खोटी नाही. पण खुणा कमी होणे म्हणजे कर्करोग टळणे नव्हे. शिवाय तो अर्क होता, कपभर चहा नव्हे. आणि अशा अर्काचा डोस फार वाढला, तर यकृतालाच इजा होऊ शकते.

म्हणून त्या भगिनीला मी लिहिले: हिरवा चहा कोणी आवडीने प्याला तर जरूर प्यावा, पण घरात बुरशीचा मका असताना तो औषध म्हणून वाटू नये. विष आत आल्यावर त्याच्याशी झगडण्यापेक्षा ते दारातच अडवलेले बरे. मका जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर वाळवावा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत ऊन द्यावे. पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावीत. काळे-हिरवे पडलेले दाणे आणि सुरकुतलेले शेंगदाणे वेचून टाकावेत. ते गाईलाही घालू नयेत, कारण विष दुधात उतरते. आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हेपटायटिस-बीची लस मिळावी.

त्या भगिनीचे उत्तर एका ओळीचे आले: "मग ताडपत्र्याच पाठवते."