एकशे बहात्तर माणसे आणि एक पुतळा

इजिप्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पिरॅमिड येतात, आणि पिरॅमिड म्हटले की राजे. आज आम्ही आपल्याला राजाकडे नेणार नाही. एका प्रांताच्या अधिकाऱ्याकडे नेणार आहोत, आणि तेही त्याच्या थडग्यातील एका भिंतीसाठी. आम्ही विद्यापीठाचे तोंड पाहिलेले नाही. ओझी वाहणाऱ्यांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले. वाचनालयातील एका पुस्तकात या भिंतीचे चित्र प्रथम पाहिले, तेव्हा आमची नजर पुतळ्याआधी दोरांकडे गेली. ज्याचा जो धंदा!

या अधिकाऱ्याचे नाव जेहुतीहोतेप. वरच्या इजिप्तमधील पंधराव्या प्रांताचा तो अधिपती. प्रांताचे चिन्ह ससा, म्हणून तो सशाचा प्रांत. राजधानी ख्मुन, म्हणजे आजचे अल-अश्मुनैन. तेथील दैवत विद्येचा आणि लेखनाचा देव थोथ. अमेनेमहात दुसरा, सेनुस्रेत दुसरा आणि सेनुस्रेत तिसरा या तीन राजांची कारकीर्द त्याने पाहिली. म्हणजे आजपासून सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीची ही गोष्ट. असा अधिपती एकाच वेळी वसुली पाही, देवळाचा मुख्य असे आणि प्रांताची फौजही त्याच्याच हाताखाली असे. आपल्याकडच्या जुन्या वतनदारांची आठवण व्हावी असा हा कारभार होता. पुढे राजसत्ता बळकट झाली आणि सेनुस्रेत तिसऱ्यानंतर प्रांताधिपतींची अशी भव्य थडगी मागे पडली.

जेहुतीहोतेपचे थडगे नाईलच्या पूर्वेकडील कड्यात, देर अल-बर्शा येथे, डोंगर कोरून केलेले आहे. १८१७ साली ते युरोपीय प्रवाशांच्या नजरेस पडले. १८९१-९२ च्या हंगामात तेथील चित्रांच्या नकला करणाऱ्यांत एक कोवळा तरुण होता, हॉवर्ड कार्टर. तीस वर्षांनी, १९२२ साली, तुतनखामेनचे थडगे शोधणारा तोच. पडझडीने आणि माणसांच्या तोडफोडीने या थडग्याचे फार नुकसान झाले. काही तुकडे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आमच्या भिंतीचे चित्र पुरते समजते ते मुख्यतः जुन्या नकलांवरून.

आता ती भिंत पाहू. मध्यभागी बसलेल्या जेहुतीहोतेपचा प्रचंड पुतळा. सोबतचा लेख सांगतो की तो १३ हात उंच, म्हणजे सुमारे पावणेसात मीटर, आणि हत्नुबच्या दगडाचा. हत्नुब ही वाळवंटातील दुधी अलाबास्टरची खाण, नाईलपासून १५-२० किलोमीटर आत. अभ्यासकांनी या पुतळ्याचे वजन सुमारे ५८ टन धरले आहे. पुतळा लाकडी घसरगाड्यावर दोरांनी आवळला आहे. दोरांत काठी घालून पीळ दिला आहे. दोराने दगडाची कड फुटू नये म्हणून मध्ये मऊ तुकडे घातले आहेत. पुढे चार रांगांत दोर ओढणारी १७२ माणसे. आमच्या सवयीने आम्ही भागाकार केला: माणशी सुमारे ३३७ किलो. ओढणे म्हणजे उचलणे नव्हे, हे खरे. तरी ज्याच्या खांद्यावर कधी शंभर किलोचे पोते आले असेल त्याला हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही.

पुतळ्याच्या मांडीवर एक माणूस उभा राहून टाळ्या वाजवतो आहे. हा ताल धरणारा. आपल्या गोद्यांत ‘हैशा’ म्हणणारा गडी असे, तोच हा! एकाच क्षणी जोर पडला तर ओझे हलते, मागेपुढे पडला तर नुसते दोर ताणतात. पुतळ्याच्या पायाशी, घसरगाड्याच्या तोंडाशी दुसरा एक जण रस्त्यावर पाणी ओततो आहे, आणि खाली कावडीने पाणी आणणारे आहेत. या पाण्याला काही विद्वान धार्मिक विधी समजत. २०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिला. सुक्या वाळूत घसरगाड्यापुढे वाळूचा ढीग साचतो. नेमके पाणी शिंपडले तर वाळूचे कण एकमेकांना धरतात, वाळू घट्ट होते आणि लागणारा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. पाणी जास्त झाले की फायदा पुन्हा कमी होतो. म्हणजे पाणी किती ओतावे हे कळणे हीच कारागिरी. ते त्या घडा धरणाऱ्याला ठाऊक होते, चित्रकाराने ते पाहिले होते.

लेख काय म्हणतो? वाट अतिशय बिकट होती, म्हणून जेहुतीहोतेपने तरुण, पाथरवट आणि जाणते मुकादम लावून रस्ता करवला. म्हातारे तरुणांच्या आधाराने आले, दुबळे बळकटांबरोबर आले, सगळ्यांना उत्साह चढला आणि एकेकाच्या अंगी हजारांचे बळ आले. वाचायला गोड आहे. पण श्रोतेहो, हा मालकाने मालकाच्या भिंतीवर लिहवून घेतलेला अहवाल आहे, हे विसरू नये.

दुसरी कागदपत्रे शेजारी ठेवून पाहू. जेहुतीहोतेपच्या थोडे आधी, सेनुस्रेत पहिल्याच्या ३८ व्या वर्षी, वादी हम्मामातच्या दगडखाणींत १७,००० हून अधिक माणसांची मोहीम गेली. तिचा शिधा खडकावर कोरलेला आहे: साध्या मजुराला १० भाकऱ्या, मोहिमेच्या प्रमुखाला २००. भाकरी हे तेथे हिशेबाचे माप होते असे धरले, तरी एकास वीस हे प्रमाण काही बदलत नाही.

आणि थोड्या नंतरचा, अमेनेमहात तिसऱ्याच्या काळच्या नोंदींचा एक पपायरस ब्रुकलिनच्या संग्रहालयात आहे. सक्तीच्या कामावरून पळालेल्यांची ती यादी: पाऊणशेहून अधिक नावे, त्यांत एक स्त्रीही. पळालेल्याच्या घरच्या माणसांना अडकवून ठेवीत, आणि तो हाती लागला की सोडीत. वेठ ती हीच.

या दोन लेखांतला भेद आमच्या मनातून जात नाही. ज्यांनी पुतळा ओढला त्या १७२ जणांपैकी एकाचेही नाव भिंतीवर नाही. आहेत ती फक्त टोळ्यांची नावे, प्रांताच्या पश्चिमेचे तरुण, पूर्वेचे तरुण, सैनिक, पुरोहित. जे पळाले त्यांची नावे मात्र बापांच्या नावांसकट दफ्तरात टिकली. राबणाऱ्याची नोंद समूहात, नाकारणाऱ्याची नोंद एकेकट्याने.

तरीही आम्ही त्या भिंतीवर रागावत नाही. तो पुतळा आज कोठेही सापडलेला नाही. ज्याच्या मोठेपणासाठी भिंत रंगवली, त्याची दगडी मूर्ती गेली. पण मूर्तीचे मोठेपण दाखवायचे तर ती ओढणारी माणसे काढावीच लागली. रांगेने, दोरासकट, पाण्याच्या घड्यासकट. आपण कधी कैरोच्या दक्षिणेस मिन्या प्रांतात गेलात, किंवा एखाद्या पुस्तकात ते चित्र पाहिलेत, तर मांडीवरच्या तालवाल्याकडे आणि पायाशी पाणी ओतणाऱ्याकडे आधी पाहा. पुतळा हलला तो त्यांच्यामुळे.