दोन ओळींचा हवालदार

पहाटे ५.३० पेडण्याच्या बाजारात म्हापशाची पहिली गाडी गाठायची. आज मी हवालदार. मागच्या आठवड्यात देवळातला भट होतो, त्याआधी खाणमालकाचा ड्रायव्हर. हिंदी सिनेमावाले गोव्यात आले की त्यांना टोपी घातलेला, फेणी प्यालेला मनुष्य हवा असतो. पण पेडणे आणि डिचोली हे तालुके पोर्तुगिजांच्या हाती गेले ते थेट अठराव्या शतकाच्या अखेरीस, त्यामुळे इकडचा गोवा त्या चित्रात बसत नाही. इथल्या देवळांसमोर दशावतार आजही रात्रभर चालतो, पण सिनेमावाल्यांना त्याची गरज पडत नाही. मी टोपीही घालतो. पैसे मिळतात.

७.३० म्हापशाहून अस्नोडामार्गे डिचोली, तिथून नार्व्याला. शिवाजी महाराजांनी १६६८ साली सप्तकोटेश्वराचं देऊळ पुन्हा उभारलं ते हेच नार्वे. आजचं चित्रीकरण गावातल्या एका जुन्या घरात आहे. मिळालेली खाकी माझ्यापेक्षा दोन माणसं जाड असलेल्या कुणाची तरी आहे. ड्रेसवाला पाठीमागे चार सेफ्टी पिना लावतो आणि बजावतो, "पाठ दाखवू नका."

९.०० नाश्ता. मग वाट बघणं.

१०.३० वाट बघणं.

या कामाचा खरा ऐवज हाच. ओळी दोन आहेत, आणि त्या कधी म्हणायच्या ते ढग, जनरेटर आणि हिरोची गाडी मिळून ठरवतात. तोवर बसायचं, पण सैल पडायचं नाही. झोप लागली की चेहरा सुजतो, गप्पा रंगल्या की हवालदार अंगातून निघून जातो. नवी पोरं मोबाइल बघत बसतात. मी पट्टा आवळून सावलीत उभा राहतो. विजू खोटे १९७५च्या 'शोले'मध्ये काही मिनिटांसाठी कालिया झाले आणि २०१९ साली ते गेले तेव्हाही बातम्यांत आधी कालियाच आला. शेकडो चित्रपट केले त्यांनी! आमच्या माशेलचे मोहनदास सुखठणकर 'दि गोवा हिंदु असोसिएशन'च्या नाटकांत कामं करायचे आणि संस्थेची व्यवस्थाही बघायचे. भूमिकेची लांबी मोजत बसायला त्यांना सवड कुठली? मला मात्र सवडच सवड.

दुपारी १.३० जेवण. हिरो गाडीत जेवतो, आम्ही माडाखाली. मासे दोन्हीकडे तेच.

३.१५ बोलावणं येतं. आधी मास्टर शॉट, सगळे एका चौकटीत. माझी पहिली ओळ होते. दुसरी ओळ दिग्दर्शक उभ्याउभ्या कापतो, कारण हिरोच्या नजरेतच ती येते म्हणे. येत असेल. मग सजेशन. म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूला माझा खांदा आणि कानाची पाळी, पलीकडे हिरोचा चेहरा. लोकांना वाटतं, यात काय अभिनय? पण खांदा बोटभर हलला तरी हिरोचा अर्धा गाल झाकला जातो. आणि मी डोळ्यांनी काही दिलं नाही तर त्याला प्रतिक्रिया कशावर द्यायची? माझे डोळे पडद्यावर दिसणार नाहीत. तरी सहाच्या सहा टेकला मी ते त्याला देतो. शेवटचा ओके होतो.

माझा क्लोजअप? ऊन गेलं.

कधी हळहळ वाटते. २००९ साली मोरजीच्या लक्ष्मीकांत शेटगांवकरांनी महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरून 'पलतडचो मनीस' केला आणि टोरंटोच्या महोत्सवात समीक्षकांचं पारितोषिक आणलं. त्यात मध्यभागी होता एक साधा वनरक्षक. खाकी घातलेला माणूस पूर्ण सिनेमाभर, आणि कॅमेरा त्याच्या तोंडावर! असं रोज होत नाही.

संध्याकाळी ६.०० पॅकअप. व्हाउचरवर सही, पाकीट खिशात, डिचोलीहून मिळेल ती गाडी.

रात्री १०.०० पेडणे तालुक्यातल्या एका देवळासमोर दहीकालो, म्हणजे दशावताराचा खेळ. कार्तिकी पुनवेनंतर हे सुरू होतं. इथे मेकअपमन नाही, पेटाऱ्यावर आरसा टेकवून ज्याचा त्याने रंग लावायचा. मी आज संकासुर. हीही भूमिका लहानच. आडदशावतारात, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या भागात, गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव येऊन जातात, मग वेद पळवणारा हा काळ्या वेशातला राक्षस येतो आणि विष्णूच्या हातून मरतो. खरं आख्यान त्यानंतर. पण संहिता नाही, टेक नाही, कापणारा कुणी नाही. हरदासाशी, म्हणजे झांजा घेऊन गाणाऱ्या सूत्रधाराशी, जेवढं भांडता येईल तेवढं भांडायचं आणि तेवढं जगायचं.

११.४० पुढच्या रांगेतून एक पोरगा ओरडतो, "हवालदारा, आज दिसभर खंय होतंस?"

"हिरोच्या खांद्याफाटी!" मी म्हणतो.

मांडव हसतो. मी लगेच हरदासाला कॅमेरा करतो, पखवाजवाल्याला हिरो, आणि स्वतः खांदा पुढे काढून उभा राहतो. पखवाजवाला थाप देतो, मी हलतो, "कट!" पुन्हा. सहा वेळा. हरदास झांजा तोंडासमोर धरून हसू दाबतो. आत चक्र घेऊन ताटकळलेला विष्णू पडद्याआडून खुणावतोय, आटप आता.

मी सातवा टेक लावतो.