घाट सोपा, पायरी अवघड

आमच्या लोणीत रेल्वे नाही. अख्ख्या आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत नाही. पण इथल्या घराघरातलं कुणी ना कुणी मुंबईला असतंच. कुणी डबे पोचवतं, कुणी वाशीच्या मार्केटात आहे. माझी धाकटी बहीण गिरगावात राहते. मला लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायाला कॅलिपर आणि काखेत कुबडी. तरी मुंबईला मी जाते ती रेल्वेनंच. वाकडेवाडीपर्यंत एसटी, तिथून रिक्षानं पुणे स्टेशन आणि पुढं बोरघाट. लोक विचारतात, "ताई, घाटात त्रास होत नाही का?" घाटात काहीच होत नाही. त्रास होतो तो फलाटावरून डब्यात चढताना.

रुळापासून फलाट साधारण पाऊण मीटर उंच असतो आणि डब्याची फरशी सव्वा मीटरच्याही वर. मधल्या जवळजवळ अर्ध्या मीटरला आधार काय, तर अरुंद लोखंडी पायऱ्या. माझी रीत ठरलेली आहे. कुबडी आधी आत द्यायची, दोन्ही दांड्या घट्ट धरायच्या, उजवा पाय वर टाकायचा आणि कॅलिपरचा पाय मागून ओढून घ्यायचा. उतरताना तोंड डब्याकडं आणि कॅलिपरचा पाय आधी खाली. मदत करणारे बहुतेक दंडाला धरून ओढतात. त्यानं तोलच जातो. परवा एका हमालदादांनी आधी विचारलं, "ताई, कसं धरू?" म्हटलं, "धरू नका, नुसते मागं उभे राहा." तेवढं पुरलं.

एकदा बसलं, की बोरघाट हा आरामाचा प्रवास. 1863 साली सुरू झालेला हा मार्ग कर्जत ते लोणावळा अशा 28 किलोमीटरांत सह्याद्री चढतो. चढ कुठं कुठं 37 मीटरला एक मीटर इतका खडा. म्हणून पुण्याकडं येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. त्यांना बँकर म्हणतात. मदत मागायला लाजणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. मुंबईकडं उतरताना लोणावळ्याला ब्रेक तपासतात आणि घाटात मंकी हिल, ठाकूरवाडीसारख्या ठिकाणी गाडी थांबवून ती ताब्यात आहे ना, याची खात्री करतात. इथं प्रवाशांनी उतरायचं नसतं. स्वच्छतागृहाला जायचं तर लोणावळ्याआधीच उरकावं. पुढं वळणं आणि बोगदे लागतात, तेव्हा कुबडीवर उभं राहणं अवघड.

2021 पासून डेक्कन एक्सप्रेसला आणि डेक्कन क्वीनला विस्टाडोम डबा लागतो. 44 फिरत्या खुर्च्या, काचेचं छत, रुंद सरकती दारं. राजमाची बसल्या जागी दिसते. काच छतापर्यंत गेली, पायरी मात्र होती तिथंच राहिली.

निघण्याआधी काही गोष्टी करून ठेवाव्यात. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, पण सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर, थ्री टायर एसी आणि चेअर कारला 75 टक्के सवलत आहे आणि सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र काढून घ्यावं. विस्टाडोमचं तिकीट काढताना मात्र सवलत लागू आहे का, हे आधी विचारावं. व्हीलचेअर हवी असेल तर 139 वर चौकशी करावी आणि स्टेशनच्या उपअधीक्षकांना वेळेआधी गाठावं. दिव्यांगांचा रुंद दाराचा डबा बहुतेक गाड्यांना टोकाला गार्डजवळ असतो, म्हणून तिथवर जायला हाताशी वेळ ठेवावा. आणि शक्य असेल तर सीएसएमटीलाच उतरावं. कल्याण-दादरला गाडी थोडाच वेळ थांबते आणि पुढं पूलही असतो. सीएसएमटीला गाडी संपते, त्यामुळं उतरायची घाई नसते आणि फलाटावरून सरळ बाहेर पडता येतं, एकही जिना लागत नाही.

हौसेसाठी जायचं तर माथेरान. 1907 ची नेरळची छोटी गाडी आहे, पण वर मोटारींना बंदी, त्यामुळं पूर्वी आमच्यासारख्यांना घोडा किंवा माणसानं ओढायची रिक्षा एवढाच पर्याय होता. आता तिथं ई-रिक्षा आल्या आहेत.

पायरी काढता येते, हे पुण्यात रोज दिसतं. 2022 पासून धावणाऱ्या मेट्रोत फलाट आणि डबा एका पातळीवर आहेत, मी कुणाचाही हात न धरता आत जाते. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा आमच्याकडं वर्षानुवर्षं चालू आहे. मार्ग कुठून न्यायचा, खोडदच्या महादुर्बिणीला अडथळा होईल का, यावर पुष्कळ बोलणं झालं. ही रेल्वे जेव्हा होईल, तेव्हा तिच्या प्रत्येक स्टेशनचा फलाट डब्याच्या पातळीला बांधा. नकाशा कागदावर आहे तोवरच हे स्वस्तात होतं.